बाबांचा एबीआय १.३८ आलाय, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या साफ आहेत का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांगा. बाबा ६१ वर्षांचे, शुगर १३ वर्षांपासून, राहायला डोंबिवलीला, नोकरी अजून दादरला चालू. सोसायटीत कॅम्प लागला होता तिथे मशीनवर पायांचा एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि हाताच्या बीपीचा भागाकार, काढला, उजवा १.३४ आणि डावा १.३८, खाली 'नॉर्मल' असा शेरा. तुमचं विचारणं असं की म्हणजे पायाच्या नसा साफ आहेत ना, आणि स्टेशनजवळचा लॅबवाला हार्टच्या सीटी अँजिओचं, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांच्या स्कॅनचं, पॅकेज गळ्यात मारतोय ते एकदा करून टाकावं का. आणि मग सगळ्यात शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की बाबा हल्ली दादरच्या पुलावर मध्येच थांबतात, मोबाईल काढून बघत उभे राहतात, दोन मिनिटांनी परत चालायला लागतात, ह्या वयात मोबाईलचं वेड लागलंय.

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या मोबाईलमध्ये आहे. पण क्रमाने येते.

आधी हे सांगून ठेवते की मी डॉक्टर नाही. परळ-दादर भागातल्या एका हॉस्पिटलच्या व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्या तपासणाऱ्या, लॅबमध्ये २१ वर्षं टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे दिवसभर लोकांच्या हातापायांना बीपीचे पट्टे बांधायचे, जेली लावायची, रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारा डॉप्लरचा पेन धरायचा आणि आकडे लिहायचे. निदान आणि औषध डॉक्टरच ठरवणार. पण शुगरवाल्यांच्या रिपोर्टात आकडा कुठे फसवतो हे इतक्या वर्षांत हाताखालून गेलंय, तेवढं सांगू शकते.

एबीआय म्हणजे फार काही गूढ नाही. माणसाला ५-१० मिनिटं आडवं झोपवायचं, दोन्ही हातांचं वरचं बीपी घ्यायचं, दोन्ही घोट्यांचं घ्यायचं, आणि घोट्याच्या आकड्याला हाताच्या आकड्याने भागायचं, दोन हातांपैकी जो जास्त असेल त्याने. झोपलेल्या माणसात घोट्याचं प्रेशर हातापेक्षा थोडं जास्तच असतं, म्हणून १.०० ते १.४० नॉर्मल धरतात. ०.९० किंवा खाली आला तर पायाच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे, ०.९१ ते ०.९९ मधलं काठावरचं, आणि १.४० च्या वर गेला तर वाहिनी दाबलीच जात नाहीये. बाबांचा १.३८. तक्त्याप्रमाणे नॉर्मलच, कॅम्पवाल्याने खोटं काही लिहिलेलं नाही.

घोळ असा आहे की पट्टा रक्तप्रवाह मोजत नाही. वाहिनी बंद करायला बाहेरून किती जोर लावावा लागला एवढंच तो सांगतो. बागेत पाणी घालायचा रबरी पाइप पायाने दाबला की बंद होतो, त्याच्या जागी लोखंडी पाइप असला तर तुम्ही नाचलात तरी बंद होणार नाही, मग आत पाणी भरभरून येत असो नाहीतर थेंब थेंब. शुगर बरीच वर्षं असली की गुडघ्याखालच्या वाहिन्यांच्या भिंतीत, मधल्या थरात, कॅल्शियम बसत जातं. हे कोलेस्टेरॉलच्या ब्लॉकेजपेक्षा वेगळं. ब्लॉकेज आतून वाट अरुंद करतं, हे कॅल्शियम वाट तशीच ठेवून भिंत कडक करतं. मोंकेबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०३ साली ह्याचं वर्णन केलं, अजून त्याच्याच नावाने ओळखतात. आता एकाच पायात दोन्ही असलं तर काय होईल बघा, ब्लॉकेज आकडा खाली ओढतं, कडकपणा वर ढकलतो, आणि दोघांच्या भांडणात रिपोर्टवर येतो छान १.०५. तो १.०५ मला १.५ पेक्षा जास्त डेंजर वाटतो, कारण १.५ बघून निदान कोणीतरी भुवया तरी वर करतं.

अजून एक बारीक गोष्ट. घोट्याजवळ दोन वाहिन्या असतात, एक पायाच्या वरच्या बाजूला, एक आतल्या घोट्याच्या मागे. नेहमीच्या पद्धतीत दोघींपैकी जिचं प्रेशर जास्त तीच हिशोबात घेतात, म्हणजे एक बंद पडलेली असली तरी चांगलीच्या आड लपून जाते. कॅम्पातली ऑटोमॅटिक मशिनं तर दोघी वेगवेगळ्या दाखवतही नाहीत. म्हणून शुगरच्या पेशंटचा नुसता भागाकार बघून मला काही कळत नाही, मूळ प्रेशर बघावी लागतात.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, चूक करून शिकले. माझं लॅबमधलं तिसरं-चौथं वर्ष असेल. लालबागच्या चाळीतल्या एक मावशी, शुगर १५-१६ वर्षांची, तळव्याला भोवरी झाली म्हणून पाठवलेल्या. हात १४०, घोटा १८२, भागाकार १.३०, मी 'नॉर्मल' लिहून मोकळी. घोट्याजवळ पेन धरला होता तेव्हा आवाज बसका येत होता. निरोगी वाहिनीचा आवाज तीन तुकड्यांत येतो, एक जोराचा, त्याच्या मागे एक उलटा छोटा, मग एक हलका, ऐकायला सवय झाली की ताल चुकला तर लगेच कळतं. वर कुठे अडथळा असला की तुकडे जातात आणि नुसतं लांबट फू... फू... उरतं, जुना पंखा हळू फिरतो तसं. ते फू-फू मी ऐकलं होतं हो. पण आकडा देखणा होता आणि बाहेर लाइन होती. अडीच महिन्यांनी मावशी परत आल्या, भोवरी घरीच ब्लेडने कापलेली, जखम भरत नव्हती, शेजारचं बोट काळं पडायला लागलेलं. सरांनी समोर उभं राहून पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यायला लावलं. ३४ आलं. पाय वाचला, बोट गेलं. सर मला ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून चिठ्ठीवर नुसता एबीआय लिहिलेला असला तरी शुगरवाला असेल तर मी डॉक्टरांना फोन करून अंगठा घेऊ का विचारते, बहुतेक वेळा हो म्हणतात.

तर अंगठा. घोट्याच्या वाहिन्या कडक झाल्या तरी बोटांतल्या बारीक वाहिन्या बहुतेक वेळा मऊच राहतात, म्हणून तिथलं प्रेशर खरं बोलतं. अंगठ्याला अडीच सेंटिमीटर रुंदीचा बाळपट्टा बांधायचा, टोकाच्या मांसल भागावर एक प्रकाशाचा सेन्सर चिकटवायचा, स्क्रीनवर लाटा येतात, पट्टा फुगवला की लाट सपाट, हळूहळू हवा सोडली की ज्या आकड्याला लाट परत उठते ते प्रेशर. त्याला हाताच्या प्रेशरने भागलं की टीबीआय, तो ०.७० च्या वर असायला हवा. चाळीत राहिलेल्यांना हे पटकन समजतं, खालच्या टाकीजवळचा मीटर काहीही सांगो, पाणी खरंच चढतंय का ते वरच्या मजल्याच्या शेवटच्या नळाला कळतं. अंगठ्याचं प्रेशर ३० च्या खाली गेलं तर पायाला धोका आहे असं समजून लगेच धावपळ करायची असते. एक भानगड आहे, पाय गार असले की बोटांतल्या वाहिन्या आकसतात आणि आकडा खोटा कमी येतो. पावसाळ्यात लोक भिजलेल्या चपला घालून येतात आणि आमचा एसी १८ वर, मग मी आधी एसी बंद करते, पाय पुसून चादर टाकते, दहा मिनिटं बसवते, बाहेरचे लोक चिडतात, चिडू देत. आणि किडनी फार बिघडलेली असेल, डायलिसिस चालू असेल तर कधीकधी बोटांच्या वाहिन्याही कडक होतात, तेव्हा अंगठ्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

आता पुलाकडे येते. आपल्याकडे 'नस' ह्या एका शब्दाने फार घोटाळा केलाय. रक्तवाहिनीही नस आणि संवेदना नेणारी नर्व्हही नस, त्यामुळे पाय दुखला की घरात कोणीतरी म्हणतं नस दबली असेल, आणि वरात निघते कमरेच्या एमआरआयला. शुगर दोघींनाही धरते. नर्व्ह बिघडली की मुंग्या, जळजळ, रात्री अंथरुणात जास्त, चालण्याशी संबंध कमी. कमरेत नर्व्ह दबली असेल तर चालताना पाय भरून येतात पण नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. आणि रक्त कमी पडत असेल तर ठराविक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो किंवा पोटरी दगडासारखी होते, उभ्या उभ्याच थांबलं की काही मिनिटांत जातं, परत तेवढंच चाललं की परत येतं. जिने चढताना लवकर येतं. बाबा बसत नाहीत, उभं राहून मोबाईल बघतात आणि दोन मिनिटांत चालू पडतात, हे तुम्हीच लिहिलंय.

पण लगेच ठरवून टाकू नका, कारण दुसरी शक्यता जास्त घाईची आहे. त्यांना थांबवतं कोण, पाय की दम? शुगरमध्ये हृदयाच्या नर्व्हही बधिर होतात, त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम लागतो, घाम फुटतो, एकदम गळाल्यासारखं होतं. घरी विचारलंत तर उत्तर येणार "काही नाही रे, मेसेज आला होता". तेव्हा एका संध्याकाळी त्यांच्याबरोबरच निघा, गप्पा मारत चाला, आणि कुठल्या पायरीला थांबतात, हात पोटरीकडे जातो की छातीकडे, बोलताना वाक्य तुटतं का ते बघा. दम, छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ असं काही निघालं तर पायाचं राहू दे बाजूला, त्याच आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे, आणि बसलेलं असताना झालं किंवा थांबूनही जात नसेल तर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

ह्यावरच पॅकेजचं उत्तर अवलंबून आहे. काहीही त्रास नसलेल्या शुगरवाल्याचं सरसकट हृदयाचं स्कॅन करून फायदा होतो का हे लोकांनी तपासून पाहिलंय. २००९ साली आलेल्या डायड नावाच्या अभ्यासात टाइप टूचे १,१२३ जण होते, अर्ध्यांचं स्कॅन केलं, अर्ध्यांचं नाही, साधारण ५ वर्षांनी हार्ट अटॅक आणि हृदयाने झालेले मृत्यू मोजले तर दोन्हीकडे म्हणण्यासारखा फरक नाही. २०१४ मध्ये ९०० जणांवर सीटी अँजिओ करून असाच प्रयत्न झाला, तिथेही तेच. बीपी-कोलेस्टेरॉलची औषधं दोन्हीकडच्या लोकांना नीट चालू असली की नुसत्या फोटोने वेगळं फारसं काही साधत नाही. म्हणजे बाबांना खरंच काही होत नसेल तर पॅकेजची गरज नाही, आणि काही होत असेल तर कुठली तपासणी हे डॉक्टर ठरवतील, पॅम्प्लेट नाही. दोन्हीकडून लॅबवाला बादच. शिवाय सीटी अँजिओत वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून नसेतून डाय देतात, शुगरवाल्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, न बघता डाय द्यायचा नसतो, आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगावं लागतं. हे काउंटरवर कोणी विचारलं का तुम्हाला?

कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांत किती कॅल्शियम साचलंय त्याचा आकडा, हे थोडं वेगळं प्रकरण. त्यात डाय नाही, साधं सीटी, शून्य आला तर चांगलंच, १०० च्या वर म्हणजे काळजी घ्या, ४०० च्या वर म्हणजे बरंच साचलंय. गोळी घ्यावी की नाही अशा काठावर असलेल्यांना उपयोगी. पण ४० च्या पुढच्या शुगरवाल्याला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, तसंही सांगतातच, मग स्कोअर काहीही आला तरी बाबांच्या हातातली गोळी तीच राहणार. मानेच्या वाहिनीची जाडी मोजायची तपासणी पॅकेजमध्ये असतेच असते, नुसत्या जाडीवर आता कोणी फार जात नाही.

त्यापेक्षा स्वस्तातल्या गोष्टी झाल्यात का ते आधी बघा. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली हवं. वर आलं तर घाबरू नका, ताप असला किंवा आदल्या दिवशी खूप दगदग झाली तरी वाढतं, म्हणून ३-६ महिन्यांत तीनदा करून दोनदा वाढलेलं असेल तरच धरतात. पण खरंच वाढलेलं असेल तर ती फक्त किडनीची बातमी नसते, अंगभरच्या वाहिन्यांची असते. डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा, शरीरात रक्तवाहिन्या नुसत्या डोळ्यांनी बघता येतात अशी तीच एक जागा. एकदा दोन्ही हातांचं बीपी, कायम उजव्याच हातावर घेतात आपल्याकडे. लिपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या कोलेस्टेरॉलची तपासणी, आयुष्यात एकदा करून ठेवलेलं बरं, घरात कोणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर नक्कीच. आणि पुरुषांच्या बाबतीत एक प्रश्न मुलं विचारू शकत नाहीत, डॉक्टरांनी विचारायला हवा, संबंधात अडचण येतेय का. त्या वाहिन्या बारीक, बऱ्याचदा हृदयाच्या काही वर्षं आधीच तिथे तक्रार सुरू होते, आणि माणूस लाजून गप्प बसतो.

तंबाखूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. मशेरी आणि पुडीही त्यात धरा, सिगरेट ओढत नाही म्हणजे तंबाखू नाही असं पेशंट मला रोज सांगतात.

मी तुमच्या जागी असते तर फॅमिली डॉक्टरांना पुलाची गोष्ट सांगून चिठ्ठीवर हे लिहून घेतलं असतं: दोन्ही पायांचा एबीआय, डॉप्लर वेव्हफॉर्म (त्या आवाजाचा आलेख) आणि टो प्रेशर (अंगठ्याचं प्रेशर). हे सगळं ठीक आलं आणि तरी पोटरी धरतच असेल तर चालवून परत मोजतात, ट्रेडमिलवर, नाहीतर टाचा वर-खाली करायला लावून. चालल्यावर घोट्याचं प्रेशर ३० पेक्षा जास्त पडलं किंवा एबीआय २० टक्क्यांहून जास्त घसरला तर अडथळा पकडला. बसल्या जागी नळाला पाणी ठीक येतं, सगळे नळ एकदम उघडल्यावर कळतं. मग पुढे कलर डॉप्लर, म्हणजे वाहिन्यांची सोनोग्राफी. पायाची अँजिओ शक्यतो तेव्हाच, जेव्हा काही करायचं ठरलंय, फुगा किंवा बायपास. सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेकांना तशी वेळ येत नाही, औषधं आणि चालणं. चालणं म्हणजे दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, अर्धा-पाऊण तास, आठवड्यात तीनदा तरी, तीन महिने नेटाने केलं तर अंतर वाढतं, हे मी ट्रेडमिलवर मोजलेलं आहे. फक्त ते सुरू करायच्या आधी हृदयाचा प्रश्न डॉक्टरांनी मिटवलेला हवा. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका, वाहिन्यांचा आजार सिद्ध झालेला नसताना शुगरवाल्यात फायदा आणि रक्तस्रावाचा धोका जवळपास बरोबरीला येतात.

आणि पायांकडे आजच बघा, मोजे काढून, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा. पोटरीखालचे केस गेलेत का, कातडी ताणलेली चकचकीत दिसते का, एक पाय दुसऱ्यापेक्षा गार आहे का. झोपवून पाय वर धरला की पांढरा पडतो आणि खाली सोडला की लालबुंद होतो, असं असेल तर तो लालपणा चांगला नाही, लोकांना उगाच वाटतं रक्त छान येतंय. गरम पाण्याची पिशवी बंद, भोवरी घरी कापणं बंद, अंगारकीला सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाणं तर तपासणी होईपर्यंत बंदच, देव समजून घेईल. न भरणारी जखम, काळी पडणारी जागा, किंवा रात्री पाय पलंगाखाली सोडल्याशिवाय झोप न लागणं, ह्यात दिवस घालवू नका. पाय अचानक गार, पांढरा आणि प्रचंड दुखरा झाला तर तासांचा खेळ असतो, रात्र असली तरी निघायचं.

कॅम्पातला तो कागद फेकू नका, लॅबमध्ये बरोबर न्या. नवे आकडे आले की इथे लिहा, भागाकार नको, मूळ प्रेशर, दोन्ही हात, दोन्ही घोट्यांच्या दोन-दोन आणि दोन्ही अंगठे. आणि त्या दिवशी बाबांना सैल पँट घालून पाठवा, जीन्स गुडघ्यापर्यंत वर सरकत नाही, मग गर्दीच्या वेळी कोणीतरी पट्टा कपड्यावरूनच बांधून मोकळं होतं.